टाचेमागची शिवण

१

प्रेताची मला किळस येत नाही. पोलिसात निम्मं आयुष्य गेलं, विहिरीतनं काढलेली माणसं बघून आलो तरी घरी जाऊन भाकरी मोडतो. किळस येते ती चांगल्या घरांची. फरशी बसवलेल्या, रंग दिलेल्या, आल्यागेल्याला बसायच्या आधी पाण्याचा तांब्या देणाऱ्या घरांची. निंबगावच्या लालासाहेब सुभेदारांचं घर तसलं होतं.

कराडच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर हे गाव. घरटी एक माणूस फौजेत. सुभेदारांचा मुलगा वीरधवल अंगणात झटके येऊन पडला, त्याला दवाखान्यात हलवलंय, आणि सुनेनं विष घातल्याचं सापडलंय, असा फोन आला. सापडलंय म्हणजे काय ते गेल्यावर कळलं. सुनेच्या शिलाई मशिनीच्या खणात एक पुडी होती आणि सून कडब्याच्या खोलीत कोंडलेली होती. कडीवर चार बाप्ये राखण बसले होते, जणू आत बिबट्या आहे.

पुडी माझ्या हातात दिली ती सासूनं, बनुबाईंनी. प्लास्टिकच्या कागदाची पुडी, वरून काळ्या नाडीनं बांधलेली. सुरगाठ होती. मी सवयीनं उजवीकडचं टोक ओढलं तर ती आणखीच आवळली. डावीकडचं ओढलं तेव्हा सुटली. आत उसाच्या बुडात टाकतात ते दाणेदार औषध निघालं. त्याचा वास ऊस करणाऱ्या माणसाला सांगावा लागत नाही.

"माझ्या सख्ख्या भावाची लेक हाय ती, सायेब," बनुबाई म्हणाल्या. "मामाचीच पोरगी करायची म्हणून हट्टानं आणली. आमच्यात रीतच हाय तशी. म्याबी ह्या घरात तशीच आलीया, ह्येंच्या मामाची लेक. आन् हिनं काय केलं बगा. लगीन हुन पाच वरसं झाली, तवापास्नं पोरगं झिजतंय माजं. चालताना पडतंय, बोलताना आडखळतंय, कालची गोष्ट आज ध्यानात ऱ्हात न्हाई. आमी समदं देव केलं. आता कळलं कुणाची करणी हाय ती."

बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कडी काढायला लावली.

शिवांजली कडब्याच्या पेंढीवर बसली होती. गालावर बोटं उठलेली. पुडी कुणाची, असं मी विचारलं.

"माजी न्हाई. पर त्ये ऱ्हाऊ द्या सायेब. माझ्या राणीला हितनं काडा."

राणी म्हणजे तिची चार वर्षांची मुलगी. ओट्यावर आजीच्या मांडीत बसली होती, हातपाय काड्यांसारखे.

"तिचंबी पोट सारकं जायला लागलंय," शिवांजली म्हणाली. "ह्येंचं ल्हानपनी जायाचं म्हंत्यात, तसंच. आत्या म्हंती, म्याच तिलाबी कायतरी घालतीया. म्या गेल्यावर तिला कोन बगंल?"

तिला ठाण्यात नेण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. गावाचा रंगच तसा होता, ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी पंचनामाच करायला यावं लागलं असतं. पोरगी मागितली तर लालासाहेब आडवे झाले. "नात आमच्या रक्ताची हाय. ती हितंच ऱ्हाईल."

ते रक्त म्हणजे काय चीज होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

२

विष घालायचं तर ते अन्नातनं. वीरधवलच्या तोंडात कोण काय घालतं, असं विचारल्यावर सगळ्यांनी परसातल्या खोलीकडं बोट दाखवलं.

तिथं भाऊसो राहायचे, लालासाहेबांचे धाकटे भाऊ. कधीकाळी कराडात कंपाउंडर होते, आता गावचे वैद्य. दार उघडलं आणि मी नाकाला रुमाल लावला. मी आटपाडीकडचा, बाप बिराप्पा मेंढरं राखायचा. लोकर, लेंडी, रक्त, व्यालेल्या मेंढीचा जार, कशाचंच मला वावडं नाही. पण ह्या खोलीतला वास जुन्या, खवट, परत परत कढवलेल्या चरबीचा होता. तो भिंतींना बसला होता, अंथरुणाला बसला होता, भाऊसोंच्या मिशांना बसला होता.

"मेंदूचं तूप हाय ह्ये," ते कौतुकानं म्हणाले. "मेंदू म्हंजे निस्ती चरबी असती बगा. ती झिजली की मानूस खुळावतंय. मग भरायला नगं का? म्हणून मेंढराचं भेजं तुपात कढवायचं आन् रोज सकाळी वाटीभर पाजायचं. वीरूला वरीस झालं देतुया."

"आणि तो पितो?"

"पीत न्हाई. धरून पाजतुया."

त्यांनी मला दाखवायला गाडगं पुढं ओढलं. तोंडाला कापडाचा दादरा बांधला होता. ते गाठीशी खूप झटले, शेवटी दातांनी सोडवायला लागले. "वहिनीची गाठ मला जन्मात सुटायची न्हाई," असं म्हणून हसले. ओठांना तेलकट पिवळं लागलं ते त्यांनी जिभेनं चाटलं. तुपाच्या कडेला हिरवट बुरशी धरली होती. मी ते गाडगं तपासणीला उचललं आणि बाहेर येऊन दोनदा थुंकलो.

"राणीलाबी बोटभर चाटवतुया," आतून आवाज आला. "आतापास्नं सवय बरी."

सोप्यात लालासाहेब खुर्चीत ताठ बसले होते. समोर भिंतीला काचेचं कपाट. फौजी घरात देवघर कोपऱ्यात असतं आणि हे कपाट मधोमध. वर्दी, पदकं, फोटो, आणि खालच्या फळीवर काळ्या बुटांचे तीन जोड. त्यांनी हाक मारली तशी बनुबाईंनी कमरेच्या जुडग्यातनं किल्ली काढून कपाट उघडलं. मला जवळून बघता यावं म्हणून.

"हा माजा जोड. हा थोरल्याचा, राजवर्धनचा. बर्फात ड्यूटी हुती, ताप डोस्क्यात गेला. सहा वरसं झाली. गावानं येशीत कमान बांधलीया त्येच्या नावाची. आन् हा वीरूचा. त्योबी फौजेतनं लवकर घरी आला, तब्येतीपायी. फौजीचा बूट टाकत नस्त्यात सायेब. दर रविवारी म्या सोता पालिश करतुया."

बूट आरशासारखे होते. बापाचा जोड कोरा करकरीत. पोरांच्या बुटांची मागची बाजू टाचेवर उभी चिरून, आत चामड्याचा तुकडा घालून शिवलेली. शिवण सुबक होती. मधल्या जोडातल्या एका बुटाची जीभ बाहेर लोंबत होती. मी बघितलं आणि सोडून दिलं. बूट चावतात, माणसं चिरून घेतात, त्यात काय.

"सुनेचं आणि मुलाचं पटत होतं?"

"बाईमानसाच्या मनात काय आसतं त्ये कुनाला कळतंय," सुभेदार म्हणाले. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं न बघता पदकावरची धूळ पुसली.

आतल्या खोलीत त्यांची मुलगी संयोगिता होती. विशीतली, देखणी. महिन्यावर लग्न आलेलं, स्थळ फलटणकडचं, मोठं. खोलीत साड्यांचे ढीग. बाहेर एप्रिलचं ऊन फरशी तापवत होतं आणि ही पायात जाड लोकरी मोजे घालून पलंगावर बसली होती. फोन नाकाला लावून काहीतरी वाचत होती.

"परदा ओढा की सायेब. उन्हानं डोळं दिपत्यात."

मी पडदा ओढला. वहिनीविषयी विचारलं.

"तिनंच घातलं आसंल. आमच्या घरात आदी कुनाला काय न्हवतं," ती म्हणाली. पाठ केलेल्या धड्यासारखं म्हणाली. मग हळूच विचारलं, "ह्ये समदं पेपरात येनार का हो?"

मरणाच्या दारात भाऊ होता, आणि विचार पेपरचा. मला वाटलं, हिच्यासारखी निगरगट्ट पोरगी मी बघितली नाही. तिथं माझं चुकलं, पण ते पुढं.

निघालो तेव्हा वीरधवलला कराडहून मिरजेला नेल्याचा निरोप आला. कराडच्या डॉक्टरांना विषाचं एकही लक्षण सापडलं नव्हतं.

३

मिरजेत माझी धाकटी बहीण माया मेंदूची डॉक्टर आहे. आबांनी आमच्या दोघांच्या शिक्षणापायी कळप विकला. तिचं चीज झालं, माझं पोलीस झालं, असं ती म्हणते.

वीरधवल कॉटवर पडला होता. तिशी नुकती उलटलेला, उंचापुरा, आणि नजर मात्र कुठंच न टिकणारी. नाव विचारलं तर सांगितलं. गाव विचारलं तर बराच वेळ ओठ हलवले आणि राणीचं नाव सांगितलं.

मायाला मी पुडीची, तुपाची, सगळी कथा ऐकवली. तिनं पांघरूण वर केलं आणि त्याची टाच माझ्यापुढं धरली.

"दादा, हितं बोट लाव."

टाचेमागची शीर माणसाला असते तशी बारीक नव्हती. अंगठ्याएवढी जाड, आणि आत कठीण गाठी. दोन्ही पायांना.

"डोळे बघ आता. दोन्हीकडं बसवलेली भिंगं आहेत. चोविसाव्या वर्षी मोतीबिंदू काढला म्हणे. लहानपणापासून पोट सुटलेलं. मग टाच, मग चाल, मग डोकं. दादा, हे विष नाही. रक्त तपासायला पाठवलंय, पण माझी खात्री आहे. हा जन्माचा आजार आहे."

"कसला?"

"चरबीचा," ती म्हणाली. मला त्या खोलीचा वास पुन्हा आला. "तुझा तो भाऊसो निम्मं खरं बोलला. मेंदूतलं पाणी काढलं तर मागं राहते ती निम्म्याहून जास्त चरबीच. पण ती तूप पाजून भरत नाही रे, मेंदू स्वतःची स्वतः करतो. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं. ह्यांच्यात त्या कामाला लागणारा एक गडी जन्मापासून गैरहजर. मग पित्त नीट होत नाही, अर्धवट माल तयार होत राहतो आणि रक्तातनं फिरून साचतो. टाचेत, डोळ्यात आणि शेवटी मेंदूत."

"औषध?"

"आहे. जे पित्त होत नाही, तेच कॅप्सूलमधून द्यायचं. मग यकृत तो घाण माल काढायचं थांबवतं. लहानपणी सुरू केलं तर माणूस धड राहतो. ह्याच्यासारखं उशिरा केलं तर आहे तिथं थांबेल, गेलेलं फारसं यायचं नाही." तिनं फाईल उघडली. "हे आईकडनं आणि बापाकडनं, दोन्हीकडनं यावं लागतं. एकाकडनं आलं तर काही होत नाही. मामाची पोरगी, परत मामाची पोरगी, असं ज्या घरात चालतं तिथं दोन्ही वाटा एकाच विहिरीतनं येतात."

मी राणीचं पोट सांगितलं. मायानं हातातली फाईल ठेवली.

"ती पोरगी मला इथं पाहिजे. लवकर. त्या घरात तिला तूप चाटवत बसलेत आणि तिचा मेंदू आत्ता वाचणार आहे, नंतर नाही."

मला मात्र दुसरंच काहीतरी टोचत होतं. मी कॉटच्या पायथ्याशी गेलो आणि ती टाच पुन्हा बघितली. एवढी जाड शीर फौजेच्या बुटात मावायची नाही. बूट मागून चिरून घ्यावा लागेल. आत तुकडा घालून शिवावा लागेल.

काचेच्या कपाटात चिरलेले जोड दोन होते. आणि राजवर्धन मेला तेव्हा शिवांजली त्या घरात आलेलीसुद्धा नव्हती.

४

निंबगावला परत आलो तेव्हा सोप्यात पाहुणे बसले होते, फलटणचे. लालासाहेब त्यांना पोहे देत होते आणि दुःख सांगत होते. घरात विषारी बाई शिरली, पण रक्त शुद्ध आहे, असं काहीतरी चाललं होतं. मी पाहुण्यांना वाटेला लावलं, भाऊसोंना बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"सुभेदार, कपाट उघडा."

बनुबाईंनी किल्ली काढली. मी दोन्ही पोरांचे जोड काढून फरशीवर ठेवले, टाचा पुढं करून.

"ह्या टाचा का चिरल्या?"

"बूट चावत हुतं."

"दोघांनाही, एकाच जागी? राजवर्धनला मोतीबिंदू झाला होता का? कितव्या वर्षी?"

बनुबाईंनी किल्ल्यांचं जुडगं पदराखाली घेतलं. 

"बर्फातल्या तापानं टाच सुजत नाही, सुभेदार. थोरल्याला धाकट्याचाच आजार होता. शिवांजली तेव्हा तिच्या बापाच्या घरी होती. म्हणजे हा आजार तिच्या विषाचा नाही, पुडीचं तिला कामच नव्हतं. मग पुडी कुणाची? हा आजार घरचाच आहे हे ज्याला ठाऊक होतं आणि तो बाहेरचा दिसावा अशी ज्याला गरज होती, त्याची. विष बाहेरून आलं की घर स्वच्छ. लग्नाला अडचण नाही."

"भावजी हुते की तूप पाजायला," बनुबाई चटकन म्हणाल्या. भाऊसोंनी तोंडाचा आ केला. सख्ख्या दिरावर ढकलायला ह्या बाईला श्वास घेण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही.

"भाऊसो मूर्ख आहेत," मी म्हणालो. "त्यांच्या गाडग्यात घाण निघाली, उसाचं औषध नाही निघालं. आणि आजार काय ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी तूप विकायचं सोडून तेच गावभर सांगितलं असतं."

मी खिशातनं पुडीची नाडी काढली. काळी, जाड, टोकांना मेण लावलेली. राजवर्धनच्या जोडातला लोंबत्या जिभेचा बूट उचलला. त्याच्या भोकांत नाडी नव्हती.

लालासाहेबांनी माझ्या हातातनं नाडी हिसकावून घेतली. तिचं टोक बघितलं, बूट बघितला आणि ते बायकोकडं वळले. त्यांचा आवाज चढला.

"राजूच्या बुटाची नाडी काडलीस तू?"

सुनेला कडब्यात कोंडलं तेव्हा हा आवाज चढला नव्हता. पोराचं आयुष्य झिजताना बघितलं तेव्हा चढला नव्हता. नाडीसाठी चढला. मला त्या माणसाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. नोकरी होती म्हणून थांबलो.

"म्या न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "किल्ली कुनीबी घेतंय."

"कुणीही घेत असेल. मावशी, त्या गाडग्यावर एवढा दादरा बांधा बघू."

मी तपासणीहून परत आणलेलं रिकामं गाडगं आणि त्याचं कापड पुढं सरकवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. हात नेहमीच्या सवयीनं चालले. डाव्या हातानं फास घातला, डाव्या हातानं ओढला. मी उजवं टोक ओढलं. गाठ आवळली. डावं ओढलं, सुटली.

"आम्ही मेंढरं बांधून मोठे झालो," मी म्हणालो. "सुरगाठ उजव्या हाताचा माणूस बांधतो तेव्हा उजवीकडनं सुटते. पुडी डावीकडनं सुटली. भाऊसोंना तुमची गाठ जन्मात सुटत नाही ती ह्याच्यामुळं."

बनुबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. पदर सावरला आणि सरळ आवाजात बोलायला लागल्या, बाजारहाट सांगावा तशा.

"मग काय करायचं हुतं? राजूच्या टायमाला पुण्याच्या मिल्ट्री दवाखान्यातला डाक्तर बोलला हुता. म्हनला, घराण्याचा आजार हाय, बाकीची पोरं तपासून घ्या, गोळी हाय. घराण्याचा म्हनला. गावात त्ये तोंडातनं निघालं तर आमच्या दारात कोन आलं आसतं? संयूला कुनी केली आसती? वीरूला कुनी दिली आसती पोरगी?"

"म्हणून भावाची पोरगी आणली."

"घरचीच हुती. घरातल्या घरात समदं झाकून गेलं आसतं."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी लालासाहेबांकडं बघितलं.

"तुम्हीही होता तिथं. डॉक्टर बोलला तेव्हा."

ते खुर्चीत बसले. ताठच बसले. "फौजीचं घर हाय," ते म्हणाले. "लोकं म्हनली आसती, ह्येंच्यात येड हाय. त्या परास ताप बरा." मग बुटांकडं बघत म्हणाले, "मला वाटलं, वीरूला न्हाई व्हनार."

सहा वर्षं. गोळी कराडच्या नाही तर पुण्याच्या दुकानात, पोरगा डोळ्यांसमोर, आणि ह्या माणसानं दर रविवारी बूट पालिश केले. एका पोराची टाच चिरलेली बघूनही दुसऱ्याची चिरून दिली आणि वरनं ब्रश फिरवला. बनुबाईंना मी पुडीसाठी नेलं. सुभेदारांना न्यायला माझ्या पुस्तकात कलम नव्हतं. त्याची मला आजही चीड आहे.

गाडीत बसताना बनुबाईंनी मला एकच गोष्ट विचारली. "पाव्हनं काय म्हनलं वो? लगीन हुईल न्हवं?"

ओट्यावर राणी उभी होती. मिरजेला न्यायला मी तिला उचललं तर तिच्या गालाला तूप होतं. रुमालानं पुसलं, तरी वास गेला नाही.

५

रक्ताचे निकाल आले. वीरधवलचं मायानं सांगितलं तेच निघालं. राणीचंही तेच. ठाण्यातनं सुटून आलेल्या शिवांजलीनं ते उभ्यानं ऐकलं. मग विचारलं, "हिची टाच कवा सुजंल?"

मायानं राणीचा पाय मांडीवर घेऊन शीर दाबून दाखवली. बारीक, मऊ, जशी असायला हवी तशी. "आता सुजायची नाही. कॅप्सूल आजपासून. मोठी झाली की बूट नेहमीचे लागतील हिला."

शिवांजली तेव्हा पहिल्यांदा रडली. वीरधवल शेजारी बसला होता. ती का रडते ते त्याला कळलं नाही, पण त्यानं तिचा हात धरला. त्यालाही औषध सुरू केलं होतं. आणखी झिजणार नव्हता, एवढंच त्याच्या वाट्याचं.

मी निघणार इतक्यात दारात संयोगिता दिसली. एकटीच, निंबगावहून एसटीनं आलेली. काळा गॉगल, पायात तेच जाड मोजे. आत यावं की नाही ह्या विचारात उंबऱ्याशी अडकली होती. जिच्याविषयी 'तिनंच घातलं' म्हणाली होती ती वहिनी समोरच होती.

"लगीन म्याच मोडलं," ती कुणाकडंच न बघता म्हणाली. "फोन करून सांगितलं त्येन्ला. वडील बोलत न्हाईत माज्यासंगं." मग मायाकडं वळली. "मला जरा दाखवायचंय."

ती स्टुलावर बसली पण मोजे काढेना. हात गुडघ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. पडदा ओढायला सांगणारे डोळे, एप्रिलातली लोकर, घाईनं ठरवलेलं लग्न. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी तिला निगरगट्ट म्हणून मोकळा झालो होतो.

शिवांजली उठली. मला वाटलं बाहेर जाईल. ती संयोगिताच्या पुढं खाली बसली, तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि मोजा ओढून काढला. मग दुसरा.

मायानं टाचेवर अंगठा फिरवला. मला वाकून बघायची गरज पडली नाही, गाठ लांबूनच दिसत होती. लहान होती अजून.

"वेळेत आलीस," माया म्हणाली. "कधीपासून आहे हे?"

"धावीच्या वर्गात हुते तवापास्नं."

"कुणाला दाखवलं नाहीस?"

"आईला दाखवलं," संयोगिता म्हणाली. "तिनंच मोजं आणून दिलं."

शिवांजलीनं फरशीवर पडलेले मोजे दोन बोटांनी उचलले आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले.